'भारतीय दाढ' म्हणजे नेमकी कोणाची दाढ?

दातांच्या मुळांवरचे शोधनिबंध वाचायला घेतलेत, की एक शीर्षक पुन्हा पुन्हा भेटतं: अमुक दाढेच्या मुळांची आणि कॅनालची रचना, अमुक लोकसमूहात. तुर्की, थाई, ब्रह्मी, भारतीय. साचा तोच, फक्त देश बदलतो. आपल्याकडेही सिनॉप्सिसमध्ये 'मराठवाड्यातील लोकसमूह' असं लिहायचा मोह होतोच. दाढा मिळतात, यंत्र आहे, विषय सुटसुटीत वाटतो. म्हणून आज या प्रकारच्या संशोधनाची जरा उलटतपासणी करू. मी दंतवैद्य नाही, विज्ञान शाखेचा माणूस आहे. माझा प्रश्न एवढाच, की यातला आकडा तयार कसा होतो.

आधी हा आकडा कशासाठी लागतो ते पाहू. वरच्या पहिल्या दाढेला बहुधा तीन मुळं असतात. त्यातलं गालाकडचं पुढचं मूळ चपटं असतं आणि त्यात अनेकदा एकाऐवजी दोन कॅनाल असतात. या दुसऱ्याला एमबी-२ म्हणतात. त्याचं तोंड बारीक असतं आणि डेन्टिनखाली लपलेलं असतं. खालच्या पहिल्या दाढेला कधी जिभेच्या बाजूला एक जादा मूळ निघतं, त्याचं नाव रॅडिक्स एन्टोमोलॅरिस. खालच्या दुसऱ्या दाढेत कधी मुळं जुळतात आणि कॅनाल इंग्रजी 'सी' अक्षरासारखा पसरतो. यातलं काही साफ करायचं राहिलं तर जंतू आत राहतात आणि पैसे मोजून रूट कॅनाल केलेला माणूस तीच दाढ धरून परत येतो. डॉक्टर दुसऱ्या कॅनालसाठी किती वेळ शोधणार, हे त्यांनी ती शक्यता किती धरली आहे यावर ठरतं. म्हणजे टक्केवारी चुकली तर त्याचा भार रुग्णावर पडतो.

आता तीन प्रश्न.

पहिला: पाहिलं कसं? व्हर्टुची यांनी १९८४ साली २,४०० दात पारदर्शक करून, आत रंग सोडून कॅनालचे आठ प्रकार मांडले. आजही थिसिसचा तक्ता याच आठ प्रकारांवर उभा असतो. २००४ मध्ये सर्ट आणि बायिर्ली यांनी २,८०० तुर्की दात तपासले आणि आणखी चौदा प्रकारांची भर घातली. तुर्की दात इतके वेगळे होते का, की बघणाऱ्याने जास्त बारकाईने बघितलं? नुसत्या प्रकारांच्या यादीवरून याचं उत्तर मिळत नाही.

बघण्याने किती फरक पडतो, याचं उत्तम उदाहरण स्ट्रॉपको यांचा १९९९ चा निबंध. त्यांनी आठ वर्षांत स्वतः उपचार केलेल्या १,७३२ वरच्या दाढांचा हिशोब मांडला. पहिल्या दाढेत एमबी-२ सापडला ७३.२ टक्के. पण अनुभव वाढला, पुरेसा वेळ राखून ठेवला, मायक्रोस्कोप नेहमीचा झाला, तेव्हा तोच आकडा ९३ टक्क्यांवर गेला. डॉक्टर तोच, दवाखाना तोच. जवळपास वीस टक्क्यांचा फरक बघण्यातून आला. क्लेगहॉर्न आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ३४ अभ्यासांतल्या ८,३९९ दाढा एकत्र केल्या. या मुळात दोन किंवा जास्त कॅनाल प्रयोगशाळेत ६०.५ टक्के, तर दवाखान्यात ५४.७ टक्के. मग दोन देशांच्या अभ्यासांत दहा टक्क्यांचा फरक दिसला, की लगेच 'वांशिक भेद' असं लिहून मोकळं कसं व्हायचं? आधी पद्धत तीच होती का, ते तपासायला हवं.

दुसरा: दात कोणाचे? चेन्नईच्या प्रसन्ना नीलकंठन आणि सहकाऱ्यांचा २०१० चा अभ्यास आपल्याकडे खूप उद्धृत होतो. काढलेल्या २२० वरच्या पहिल्या आणि २०५ दुसऱ्या दाढा त्यांनी सीबीसीटीवर तपासल्या. पद्धतीबद्दल त्यांना पूर्ण गुण द्यायला हवेत. त्याच वर्षी वेगळ्या निबंधात त्यांनी हे तंत्र दात पारदर्शक करण्याच्या जुन्या कसोटीवर घासून पाहिलं आणि ते तितकंच अचूक निघालं. शीर्षकही सावध आहे: 'एका भारतीय लोकसमूहात'. पुढे उद्धृत करणाऱ्यांच्या हातून मात्र तो 'एका' गळतो आणि उरतं 'भारतीयांमध्ये'. ही चूक मूळ लेखकांची नाही, आपल्या वाचनाची आहे.

काढलेले दात गोळा करण्यात आणखी एक मेख आहे. दाढ काढावी लागलेली माणसं आणि दाढ शाबूत असलेली माणसं एकसारखी नसतात. वयाबरोबर आत डेन्टिन साचतं, कॅनाल अरुंद होतो, त्याची वाट बदलल्यासारखी दिसते. बरणीतल्या दातावर वय लिहिलेलं नसेल तर आपण जनुकं मोजतोय की म्हातारपण, हे कळणार कसं?

पुणे जिल्ह्यातल्या इनामगावची आठवण इथे येते. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत घरांच्या जमिनीखाली मुलांची कुंभदफनं सापडली. जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी त्या अवशेषांचा अभ्यास केला. तीन हजार वर्षांपूर्वीचा दात कुठल्या थरातला, अंदाजे किती वयाच्या मुलाचा, हे नोंदवलेलं आहे. आणि गेल्या आठवड्यात काढलेल्या दाढेचा मालक स्त्री की पुरुष, हेही बऱ्याच थिसिसमध्ये सापडत नाही!

तिसरा: मोजलं कसं? समजा १०० दाढांत ६० वेळा दुसरा कॅनाल मिळाला. खरा आकडा साधारण ५० ते ७० टक्क्यांत कुठेही असू शकतो. रॅडिक्ससारखी दुर्मिळ गोष्ट १०० पैकी ३ दाढांत मिळाली, तर ही मर्यादा ०.६ ते ८.५ टक्के इतकी रुंद होते. त्यातच एका माणसाच्या डाव्या आणि उजव्या दाढा दोन स्वतंत्र नमुने म्हणून धरल्या, तर मर्यादा खोटीच अरुंद दिसते. जबड्याच्या दोन्ही बाजू एकमेकींची नक्कल करतात, म्हणून हिशोबात एकक माणूस हवा.

मग हा विषय घ्यायचाच नाही का? जरूर घ्या, पण उलट्या बाजूने सुरुवात करा. आपल्या शहरातल्या शासकीय दंत महाविद्यालयात जालना, बीड, परभणीपासून लोक येतात. वय, लिंग, गाव या गोष्टी केसपेपरवर असतात. इतर कारणासाठी आधीच काढलेले सीबीसीटी नैतिक समितीच्या परवानगीने, रुग्णाची ओळख झाकून वापरा. केवळ संशोधनासाठी कोणावर किरणं सोडायची नाहीत. दोन निरीक्षकांनी वेगवेगळं वाचावं आणि त्यांचं किती जुळलं तेही छापावं. स्कॅनचा व्होक्सेल, म्हणजे त्रिमितीतला सगळ्यात लहान ठिपका, किती होता ते लिहावं. तो मोठा असेल तर बारीक कॅनाल दिसणारच नाही. आणि शीर्षकात 'मराठवाडा' लिहिण्याआधी नमुन्यात कुठल्या जिल्ह्यातली किती माणसं आहेत, त्याचा तक्ता द्यावा.

व्हायवामध्ये परीक्षक विचारतील, 'तुमच्या आकड्याचा दवाखान्यात उपयोग काय?' तेव्हा टक्केवारी सांगून थांबू नका. ती कोणाच्या दाढांवरून, कुठल्या यंत्राने आणि किती खात्रीने काढली, हे एका दमात सांगता आलं पाहिजे. तालुक्याच्या गावी, मायक्रोस्कोप नसलेल्या खुर्चीशेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरला तेवढंच हवं असतं: आणखी पाच मिनिटं शोधायचं की नाही.