सव्वीस सेकंदांचा धडा

"माणसाला स्वतःच्या बळावर अवकाशात पाठविणारा तिसरा देश कोणता?" सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत हा प्रश्न हमखास असतो आणि मुले त्याचे उत्तर क्षणात देतात : चीन, १५ ऑक्टोबर २००३, यान शेनझोऊ-५, प्रवासी यांग लिवेई. चारही गोष्टी बरोबर आहेत. 'स्वतःच्या बळावर' हे शब्दही तिथे हवेतच, कारण आपले राकेश शर्मा १९८४ मध्येच अवकाशात जाऊन आले होते. परंतु ते सोव्हिएत यानातून. उत्तर मिळाले, गुण मिळाले, विषय संपला.

आमची तक्रार आहे ती इथेच. एखाद्या देशाने अवकाशात माणूस पाठविला की आपल्याकडचे लेख, भाषणे आणि वर्गातले पाठ त्या घटनेला क्रमांक देऊन मोकळे होतात. पहिला रशिया, दुसरी अमेरिका, तिसरा चीन. आता चौथा कोण आणि चंद्रावर आधी कोण, अशी शर्यतीची भाषा सुरू होते. या भाषेत विज्ञान जवळजवळ काहीच उरत नाही. चीनच्या त्या पहिल्या उड्डाणात वर्गात सांगण्यासारखे इतके आहे की त्याचे एका गुणात आटपणे आम्हाला उधळपट्टी वाटते.

आधी उड्डाणाची हकीगत थोडक्यात पाहू. चीनच्या समानव उड्डाणाच्या प्रकल्पाला १९९२ मध्ये मंजुरी मिळाली. नोव्हेंबर १९९९ ते जानेवारी २००३ या काळात शेनझोऊची चार याने माणसाविना जाऊन आली. त्यानंतरच ३८ वर्षांचे वैमानिक यांग लिवेई वाळवंटातल्या जिउच्युआन तळावरून निघाले. सुमारे ३४३ किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती १४ फेऱ्या मारून, २१ तास २३ मिनिटांनी ते आतल्या मंगोलियाच्या गवताळ मैदानात उतरले.

परतल्यावर त्यांना अपेक्षित प्रश्न विचारला गेला : चीनची भिंत दिसली का? यांग यांनी सांगितले की दिसली नाही. या साध्या उत्तराने चीनमध्ये खळबळ उडाली, कारण अवकाशातून ही भिंत दिसते असे तिथल्या शालेय पाठ्यपुस्तकातही छापलेले होते. ते काढून टाकावे की नाही याची २००४ मध्ये जाहीर चर्चा झाली. आपण हसण्याचे कारण नाही. "चंद्रावरून दिसणारी एकमेव मानवनिर्मित वस्तू" हे वाक्य आम्हीही लहानपणी पाठ केले होते, आणि पुढे संशोधक झाल्यावर एका शाळेतल्या व्याख्यानात ते न तपासता ठोकूनही दिले होते. त्या वेळी सातवीतल्या एका मुलीने "भिंत रुंद किती आहे?" असे विचारले. आमच्याजवळ उत्तर नव्हते.

ते उत्तर आता देऊ. भिंतीची रुंदी साधारण पाच-सहा मीटर. निरोगी डोळ्याला शेजारशेजारचे दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यामध्ये सुमारे एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एवढे कोनीय अंतर लागते. ३४३ किलोमीटर उंचीवरून एक कला म्हणजे जमिनीवरचे सुमारे १०० मीटर. चंद्रावरून पाहिले तर तेच अंतर शंभर किलोमीटरहून अधिक भरते. भिंत हजारो किलोमीटर लांब आहे हे खरे, पण लांबीने रुंदी वाढत नाही.

मात्र एवढ्यावर थांबू नये. चौकस विद्यार्थी इथे अडवील आणि त्याचे बरोबर असेल. विजेची तार कितीतरी बारीक असूनही दूरवरून आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसते. म्हणजे नुसत्या रुंदीवर भागत नाही, भोवतालाशी असलेला उजळपणाचा व रंगाचा फरकही लागतो. भिंत पुष्कळ ठिकाणी तिथल्याच दगडमातीची आहे. काळ्या दोऱ्याचा एक तुकडा पांढऱ्या कागदावर आणि दुसरा काळ्या कापडावर चिकटवा आणि मुलांना एकेक पाऊल मागे जायला सांगा. कोणता दोरा आधी नाहीसा होतो हे पाहायला पाच मिनिटे पुरतात आणि खर्च काहीच येत नाही.

आता त्या उड्डाणातल्या दुसऱ्या गोष्टीकडे वळू. हिच्यासाठीच आम्ही हा लेख लिहायला घेतला. अग्निबाण ३० ते ४० किलोमीटर उंचीवर असताना तो एकाएकी जोराने थरथरू लागला. कंपनांचा वेग सेकंदाला सुमारे आठ. माणसाच्या धडातल्या अवयवांची नैसर्गिक कंपनेही याच सुमाराची असतात, त्यामुळे अनुनाद होतो. त्यात वाढत्या वेगाचा भार छातीवर होताच. आतली इंद्रिये फाटतील आणि आपण आता मरणार, असे यांग यांना वाटले. हे २६ सेकंद चालले. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर त्यांची पापणीही हलत नव्हती. पुढे यानावरचे संरक्षक आवरण सुटले, खिडकीतून ऊन आत आले, त्यांचे डोळे मिचकले, आणि माणूस जिवंत आहे हे पाहून तिथे कोणीतरी ओरडले.

असे का झाले? द्रव इंधनाचा उंच अग्निबाण आपल्याला ताठ खांबासारखा दिसतो, पण तो थोडासा स्प्रिंगसारखा वागतो. त्याच्या अंगात लांबीच्या दिशेने बारीक कंपने चालू असतात. त्यांच्यामुळे नळ्यांतील इंधनाचा दाब कमीजास्त होतो, म्हणून इंजिनाचा रेटा कमीजास्त होतो, आणि त्या रेट्याने अंगातली कंपने आणखी वाढतात. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का देत राहिले की तो चढत जातो, तसेच हे. उपाय म्हणजे इंधनाच्या नळीवर दाबाचे धक्के झेलणारे वायूचे पात्र बसविणे आणि त्याचे माप नीट जुळविणे. अमेरिकेला हा त्रास १९६० च्या दशकात टायटन अग्निबाणात झाला होता. एप्रिल १९६८ मध्ये अपोलो-६ च्या प्रचंड सॅटर्न अग्निबाणातही झाला. यांग यांनी परत येऊन तपशीलवार वर्णन केले, तंत्रज्ञांनी त्यावर काम केले, शेनझोऊ-६ मध्ये कंपने बरीच कमी झाली आणि पुढे थांबली.

"चीनने सोयूझची नक्कल केली" हे वाक्य ज्यांना आवडते त्यांनी या हकिगतीचा विचार करावा. शेनझोऊची तीन भागांची रचना सोयूझवरून घेतलेली आहे यात शंका नाही. रशियाकडून तंत्रज्ञान विकत घेतले गेले आणि दोन चिनी अंतराळवीर तिथे प्रशिक्षणालाही गेले होते. पण यान आकाराने मोठे केले गेले. पुढच्या भागाला स्वतःची सौरपंखे दिली गेली, त्यामुळे प्रवासी परतल्यावरही तो भाग कित्येक महिने कक्षेत राहू शके. आणि अग्निबाण तर चीनचाच होता. त्याची थरथर कुणाच्या आराखड्यात लिहिलेली नव्हती, ती त्यांची त्यांनाच शोधावी लागली.

आमची खरी नाराजी दुसऱ्या बाबतीत आहे. २००३ चे प्रक्षेपण दूरदर्शनवर थेट दाखविले गेले नाही. यान कक्षेत सुखरूप पोचल्यावरच दृश्ये दिसली. जगाला दिसला तो हसतमुख वीर. २६ सेकंदांची हकीगत सर्वसामान्य वाचकांसमोर सविस्तर आली ती यांग यांच्या २०१० मध्ये निघालेल्या आत्मकथनातून. अपयशाची भीती कोणत्या राज्यकर्त्याला नसते? पण ज्या दोषाने माणूस मरता मरता वाचला, तो दोष अग्निबाण बांधणाऱ्या प्रत्येक देशाच्या कामाचा असतो. तो इतकी वर्षे झाकून ठेवणे ही विज्ञानाची रीत नव्हे.

एक गोष्ट मात्र चीनच्या बाजूने नोंदवायला हवी. त्या आत्मकथनातील उतारा पुढे तिथल्या सातवीच्या भाषेच्या पाठ्यपुस्तकात घेतला गेला. त्यात मरणाची भीती आहे, उलगडा न होणारा ठकठक आवाज आहे, आणि भिंत दिसली नाही हेही आहे. ज्या देशाच्या पाठ्यपुस्तकात भिंत 'दिसत' होती, तिथेच हे छापले गेले. उताऱ्यात कंपनांचे कारण एकदोन वाक्यांत उरकले आहे, ही विज्ञानाच्या माणसाची कुरकुर आहेच. तरी आपल्या पाठ्यपुस्तकांत एखाद्या अंतराळवीराच्या भीतीला अशी जागा मिळालेली आम्हाला आठवत नाही.

चंद्राबद्दलच्या त्यांच्या इराद्यांकडेही क्रमांकाऐवजी रचनेकडे लक्ष देऊन पाहावे. १९७० मध्ये सोव्हिएत लुना-१६ ने चंद्रावरची माती थेट पृथ्वीकडे उडविली होती. २०२० मध्ये चांग'अ-५ ने १७३१ ग्रॅम माती आणली, पण ती वळसा घेऊन : चंद्रावरून उडालेला भाग आधी चंद्राच्या कक्षेत थांबलेल्या यानाला जोडला गेला, आणि मग ते यान परतले. नुसत्या मातीसाठी याहून सोपा मार्ग होता. माणसे आणायची तर मात्र हाच मार्ग लागतो. अपोलोनेही तोच घेतला होता. २०२४ मध्ये चांग'अ-६ ने हीच कसरत चंद्राच्या पलीकडच्या बाजूने केली. २०३० पूर्वी दोन माणसे उतरविण्याच्या चीनच्या आराखड्यात अवतरणयान आणि प्रवासी यान वेगवेगळ्या अग्निबाणांतून जाऊन चंद्राच्या कक्षेत जोडली जाणार आहेत. शिवाय चंद्रावरून परतताना यान सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते. पृथ्वीच्या जवळच्या कक्षेतून येताना हा वेग आठाच्या आसपास असतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे नववीचे सूत्र घालून मुलांनाच गुणोत्तर काढू द्यावे. उत्तर दुपटीच्या जवळ येईल.

हा आराखडा वेळेवर पार पडेल की नाही, यावर पैज लावण्यात आम्हाला रस नाही. वाटेतले धक्के आम्हाला कधी कळतील, हा प्रश्न मोठा वाटतो. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी शेनझोऊ-२० चे तीन प्रवासी परतायचे होते. यानावर अवकाशातील कचऱ्याचा बारीक कण आदळला असावा, म्हणून परतीचा प्रवास पुढे ढकलल्याचे त्याच दिवशी जाहीर झाले. खिडकीला बारीक तडे गेल्याचेही सांगितले गेले. प्रवासी १४ नोव्हेंबरला दुसऱ्या यानातून उतरले, आणि मागे स्थानकात राहिलेल्यांसाठी २५ नोव्हेंबरला एक रिकामे यान वर गेले. २००३ मध्ये असे काही घडते तर ते आपल्याला कोणत्या वर्षी कळले असते?

आपल्या गगनयानाची तयारी चालू आहे. त्याच्या चाचण्यांची वृत्ते येतील तेव्हा चौथ्या क्रमांकाचे मथळेही येतीलच. शिक्षकांनी ती कात्रणे जरूर जमवावीत. पण वहीत त्यांच्या शेजारी एक रकाना मोकळा ठेवावा. या चाचणीत काय बिघडले, आणि ते आपल्याला कुणी सांगितले, हे लिहिण्यासाठी.