मारणारा गाळलेली वाक्ये

निवडणूक प्रचाराच्या भाषेकडे आपले समीक्षक फिरकत नाहीत. ती त्यांना वाङ्मय वाटत नाही. मी ती कवितेपेक्षा बारकाईने वाचतो. फसलेल्या कवितेने कुणाचे डोके फुटत नाही.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत योगी आदित्यनाथांनी ‘बटेंगे तो कटेंगे’ ही घोषणा विदर्भात आणली. आमच्या नागपुरात ती सभांपेक्षा पोरांच्या मोबाइलवरच अधिक फिरली. तिच्या दोन्ही क्रियापदांत सोसणारा आहे, करणारा नाही. कापले जाणारे ‘आपण’, कापणारा कोण? ते नाव ऐकणाऱ्याने मनातल्या मनात भरायचे. माझी आजी शाळेत गेली नव्हती. पण कुणी ‘तो मारला गेला’ म्हटले की ती लगेच विचारायची, ‘कोनं मारलं?’

लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२३ (३अ) धर्म-जातीवरून वैर पेटवण्याला भ्रष्ट आचार म्हणते. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतल्या भाषणांत मुसलमानांचे नाव उघड घेतले होते. म्हणून रमेश प्रभूंची निवड उच्च न्यायालयाने रद्द केली आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. नवी घोषणा कुणाचेच नाव घेत नाही. कायद्याने पकडावे तरी काय?

आणि ‘बटणारे’ कोण? जातवार जनगणना मागणारा या घोषणेत आपोआप फूट पाडणारा ठरतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच शहरात लाखो माणसे हिंदू धर्माबाहेर पडली. त्यांच्या नातवंडांना या ‘आपण’मध्ये कुणी, कुणाला विचारून मोजले?

मात्र ही खोड फक्त त्यांच्या भाषेची नाही. १९७४ च्या जानेवारीत पँथरने मुंबईतल्या लोकसभा पोटनिवडणुकीवर बहिष्कार पुकारला. ५ तारखेच्या वरळीतल्या सभेनंतर बीडीडी चाळी पेटल्या. (पाहा, मीही ‘पेटल्या’च लिहिले!) १० तारखेला मोर्चात भागवत जाधव वरून टाकलेल्या दगडाने मेला. या साऱ्याला पेपरांनी नाव दिले ‘वरळीची दंगल’. जणू वरळीनेच ती केली. ते नाव आपणही निमूट चालवले. भागवतबद्दल आपण आदराने म्हणतो, ‘शहीद झाला’. आदर खराच आहे. पण या क्रियापदालाही मारणारा लागत नाही. पन्नास वर्षे आपण स्मृतिदिन करतो आहोत, आणि आजीचा तो प्रश्न आपल्या व्यासपीठावरून किती वेळा विचारला गेला?