ऊन पाणी आणि कोरडे वर्णन

मराठीत प्रवासवर्णनांचे पीक दर दिवाळीला भरघोस येते. त्यात हिमालय असतोच, आणि हिमालय आला की गरम पाण्याचे कुंड येते. यमुनोत्रीचे सूर्यकुंड, बदरीनाथचे तप्तकुंड, कुलूकडचे मणिकर्ण, मनालीजवळचे वसिष्ठ. लेखक बदलतो, साल बदलते, यात्रा कंपनी बदलते. कुंडाजवळचा परिच्छेद मात्र बदलत नाही. बाहेर हाडे गोठवणारी थंडी, समोर वाफाळणारे पाणी, फडक्यात बांधून सोडलेले तांदूळ नाहीतर बटाटे, मग निसर्गाची अगाध लीला, आणि शेवटी शरीराचा शीण कुठल्या कुठे पळून गेला. या पाच गोष्टी झाल्या की लेखक पुढच्या मुक्कामाला मोकळा. आमच्या शाळेतली मुलेसुद्धा 'मी पाहिलेले निसर्गस्थळ' या निबंधात हाच क्रम गिरवतात. त्यांतल्या बहुतेकांनी ते स्थळ पाहिलेले नसते.

या परिच्छेदात खोटे काही नाही. तक्रार वेगळी आहे. तो वाचून कुंडाविषयी आपल्याला काहीच कळत नाही. पाणी किती ऊन होते, हात घालवत होता की नाही, कुंड दगडी की सिमेंटचे, पाणी कुठून येते नि कुठे जाते, वास होता का, कोण आंघोळ करत होते आणि कोण नुसतेच काठावर उभे होते, याचा पत्ता नसतो. ऊन पाण्यावरचे वर्णन इतके कोरडे का राहते, हा या लेखाचा प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, प्रवासवर्णन म्हणजे काही सरकारी सर्वेक्षण नव्हे. खरे आहे. पण केदारनाथच्या वाटेवर गौरीकुंड नावाचे ऊन पाण्याचे कुंड होते. २०१३ च्या जूनमधल्या महापुरात ते गाडले गेले. हिमाचलात सतलजच्या काठी तत्तापानी येथे वाळूतून ऊन पाणी वर येत असे. कोल धरणाचा जलाशय भरला तेव्हा, २०१५ च्या सुमारास, तिथले जुने झरे पाण्याखाली गेले. ही ठिकाणे पाहून आलेल्यांत मराठी यात्रेकरू थोडे नव्हते. त्यांनी लिहिलेही. आज ती वर्णने काढून वाचावीत तर हाती काय लागते? अगाध लीला आणि पळालेला शीण. कुंड गेले, आणि ज्या लेखणीने ते राखायचे तिने ते आधीच घालवले होते.

याला अपवाद आहेत. आपल्या बाजूचा सर्वांत मोठा अपवाद म्हणजे काकासाहेब कालेलकर. त्यांचा जन्म साताऱ्याचा, १८८५ चा. पण आडनाव आले ते सावंतवाडीजवळच्या कालेली गावावरून, म्हणजे तेरेखोल ओलांडले की आपल्या शेजारचेच. १९१२ साली ते हिमालयात पायी हिंडले आणि पुढे त्या प्रवासाचे पुस्तक त्यांनी गुजरातीत लिहिले. घरात एक भाषा आणि लिहायला दुसरी, ही गोष्ट आपल्या भागातल्या वाचकाला नवलाची वाटू नये. यमुनेवर लिहिताना यमुनोत्रीचे कढत पाणी त्यांनीही वर्णिले आहे. बर्फ आणि उकळते पाणी शेजारी शेजारी, हे आश्चर्य त्यांनाही वाटलेच. पण ते आश्चर्यावर थांबत नाहीत. अशा जागी कोण राहिले असेल, असा प्रश्न त्यांना पडतो आणि ते असित ऋषींपाशी येतात.

असित ऋषींची कथा अशी. ते रोज गंगेत आणि यमुनेत, दोन्हीकडे स्नान करीत. म्हातारपणी डोंगर ओलांडून गंगेपर्यंत जाणे होईना, तेव्हा गंगेचाच एक प्रवाह यमुनोत्रीजवळ प्रकटला. या कथेत चमत्कार आहे, पण तो कशासाठी झाला ते पाहण्यासारखे आहे. एका म्हाताऱ्याचे गुडघे चालेनात, यासाठी. कथेच्या मुळाशी देव नाही, थकलेले शरीर आहे.

आता हिमालयातून थेट राजापूरला येऊ, कारण हीच कथा तिथेही आहे. राजापूरची गंगा सर्वांना ठाऊक आहे. दोन-तीन वर्षांनी अवचित येते, काही महिने चौदा कुंडांतून वाहते आणि नाहीशी होते. दरवर्षी यात्रेला जाणारा एक भाविक कुणबी वार्धक्यामुळे जाऊ शकेना, म्हणून गंगा त्याच्या शेतात आली, अशी आख्यायिका आहे. हिमालयातला ऋषी आणि कोकणातला कुणबी यांना लोकांनी एकच कथा दिली. माणूस पाण्यापर्यंत पोचू शकत नाही तेव्हा पाणी माणसापर्यंत येते, हा त्या कथेचा अर्थ. लोककथा शरीराला विसरत नाही. आपले प्रवासवर्णन विसरते. शीण पळून गेला असे ते सांगते. तो शीण कोणाचा, कुठे दुखत होते, किती दिवसांचे, हे सांगत नाही.

राजापुरात आणखी एक गोष्ट दिसते. गंगातीर्थ टेकडीवर आहे. पायथ्याच्या उन्हाळे गावात ऊन पाण्याचा झरा आहे. गंगेचे येणे लहरीवर. उन्हाळ्याचा झरा मात्र बारमाही, रोजचा, कोणी नारळ ठेवो न ठेवो. मोरोपंतांनी राजापूरच्या गंगेवर 'गंगाप्रतिनिधितीर्थकीर्तन' हे काव्य रचले. त्या तोडीचे काव्य ऊन झऱ्याच्या वाट्याला आले नाही. मोरोपंतांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्या काळी तीर्थाचा महिमा हाच काव्याचा विषय होता. पण त्यानंतर दोनशे वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि आपली नजर अजून तीच आहे. जे क्वचित येते त्याची बातमी, जे रोज उपयोगी पडते त्याची दोन ओळींत बोळवण. वातरोगी माणसे ज्या पाण्याला वर्षानुवर्षे येत राहतात, ते साहित्याला पुरेसे अद्भुत वाटत नाही.

मग या पाण्याविषयी मराठीने काहीच नोंदले नाही का? नोंदले आहे, पण लेखकांनी नव्हे, गावे वसवणाऱ्यांनी. नावे मोजून पाहा. राजापूरचे उन्हाळे. दापोलीकडचे उन्हवरे. पालीच्या बल्लाळेश्वराजवळचे उन्हेरे. खानदेशात सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा तालुक्यात, उनपदेव. पार नांदेडच्या टोकाला, किनवट तालुक्यात, उनकेश्वर. कोकण, खानदेश आणि मराठवाडा; इतक्या लांबच्या माणसांनी एकमेकांना न विचारता एकच शब्द वापरला: ऊन. संस्कृत 'उष्ण'चे हे मराठी रूप. कोकणीत तेच 'हून'. आमच्या केरीत एकाच घरात आजी 'हून उदक' म्हणते आणि नातू शाळेत 'ऊन पाणी' लिहितो. शब्द मुळात एकच. उन्हाळा हा ऋतू आहे तसे 'उन्हाळे' म्हणजे ऊन पाण्याचा झरा, हा मराठीतला सरळ जुना शब्द. आजच्या प्रवासवर्णनात तो सापडत नाही. तिथे 'हॉट वॉटर स्प्रिंग' असते, नाहीतर 'गरम पाण्याचे नैसर्गिक कुंड' असा भाषांतराचा घाट असतो. ज्या गोष्टीला आपल्या भाषेत एक शब्द होता तिला तीन-चार शब्द लागू लागले.

यात केवळ शब्दाची हानी नाही. शब्द गेला की त्यामागची पाहणीही जाते. बहुतेक वर्णनांत एक ठरलेले वाक्य असते की जमिनीतल्या गंधकामुळे पाणी गरम होते. काही झऱ्यांना गंधकाचा वास येतो, हे खरे. पण पाणी तापते ते गंधकाने नव्हे, खोलीने. जमिनीत दर किलोमीटर खोल गेले की तापमान साधारणपणे २५ ते ३० अंशांनी वाढते. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरते, तिथे तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. पालघरकडच्या कोकनेरपासून वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, महाडजवळचे सव, संगमेश्वर तालुक्यातले आरवली, तुरळ, राजवाडी ते राजापूरपर्यंत तीनशेहून अधिक किलोमीटरच्या पट्ट्यात असे झरे एका माळेत आहेत, कारण त्या भेगाही सह्याद्रीला समांतर गेलेल्या आहेत. यमुनोत्रीला भात शिजतो हे प्रत्येकजण लिहितो. पण सुमारे ३२०० मीटर उंचीवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळते, म्हणून आपल्या चुलीपेक्षा तिथे शिजायला वेळ जास्त लागतो, हे लिहिणारा विरळा. जो पोटली धरून तितका वेळ उभा राहिला असेल त्यालाच ते लिहिता येईल. कारण कळले म्हणून नवल कमी होत नाही. उलट आपण ज्यात पाय बुडवले ते पाणी किती खोलवर जाऊन आले, हे कळल्यावर ते वाढावे.

'आम्ही स्नान केले' या वाक्यातल्या 'आम्ही'चाही विचार व्हायला हवा. सव हे गाव महाडच्या शेजारी. त्याच महाडात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. ज्या मुलखात तळ्याचे पाणी ओंजळीत घेणे हा गुन्हा ठरत होता, तिथे कुंडात कोण उतरत होते आणि कोण नाही, हा प्रश्न जुन्या वर्णनकारांना पडला नाही. बायकांच्या आंघोळीला आडोसा होता की नाही, हेही क्वचितच कोणी लिहिले. एकाच कुंडात अनेक शरीरे उतरतात. म्हणून कुंडाचे वर्णन हे समाजाचेही वर्णन असते. ते टाळून निसर्ग तेवढा रंगवायचा, हा कलेचा प्रश्न नाही, नजरेचा आहे.

उलट बाजूचे उदाहरण आपल्या दाराशी आहे. हरमल आणि केरी यांच्या मधल्या किनाऱ्याला, पालयेच्या बाजूला, गोड्या पाण्याचे तळे आहे. परदेशी पाहुण्यांसाठीच्या काही इंग्रजी मार्गदर्शिकांनी हे तळे ऊन पाण्याच्या झऱ्यांवर पोसले जाते आणि त्याच्या काठाला गंधकाची माती आहे, असे छापले. तुरळच्या कुंडासारखे पाणी त्या तळ्यात कोणाला लागलेले नाही. पण आपण ते तळे नीट लिहून ठेवले नाही, म्हणून दुसऱ्याने लिहिलेले जगभर गेले, आणि आता आपलीच मुले तेच वाक्य आपल्याला ऐकवतात. जे आपण वर्णन करत नाही ते दुसऱ्याच्या वर्णनात राहू लागते.

मुंबईला जाणाऱ्या पेडणे-डिचोलीच्या माणसाला ऊन पाणी पाहायला हिमालयात जाण्याची गरज नाही. तुरळ, राजवाडी ही गावे महामार्गाच्या वाटेवरचीच. आरवलीला तर कोकण रेल्वेचे 'आरवली रोड' स्थानकच आहे (ही वेतोबाची आरवली नव्हे, ती वेंगुर्ल्याची). पूर्वी या रस्त्याने एस.टी. आणि खाजगी गाड्या जात, तेव्हा क्वचित कोणी उतरून पाय शेकून घेई. १९९८ पासून रेल्वे सुरू झाली, आणि रात्रीच्या गाडीत झोपलेल्याला ही गावे कळतही नाहीत. दुर्गम म्हणून नव्हे, सोपी म्हणून ती वाङ्मयातून सुटली. दोन हजार किलोमीटरवरच्या कुंडाला पाच परिच्छेद आणि वाटेतल्या कुंडाला एकही नाही, हे प्रमाण विचार करायला लावणारे आहे.

उद्याच्या लेखकाकडून फार मोठी अपेक्षा नाही. त्याने कुंडात हात घालावा आणि किती वेळ ठेवता आला ते लिहावे. काठावरच्या म्हाताऱ्याला तो कुठून आला आणि काय दुखते, हे विचारावे. पाणी वाहून कुणाच्या शेतात जाते ते पाहावे. तिथली माणसे त्या पाण्याला काय म्हणतात तो शब्द जसाच्या तसा उतरून घ्यावा. एवढे झाले की अगाध लीला न लिहिताही वाचकाला दिसेल.

आणि दोन भाषांच्या घरांत तर हे काम याच आठवड्यात सुरू करता येईल. नरकचतुर्दशीला पहाटे न्हाणीतल्या भाणातले पाणी तापेल, तेल लागेल, कारीट फुटेल. त्या पाण्याला आजी काय म्हणते ते मुलांना ऐकू द्यावे, आणि निबंधात तोच शब्द लिहू द्यावा.