वेताळाची सिगारेट आणि ‘दुप्पट’ हा शब्द

आयुष्यभर दूध पिणाऱ्या माणसाचं चित्र सिगारेटच्या पाकिटावर छापायचं आणि ते पाकीट शाळेतल्या पोरांना विकायचं, ही कल्पना ज्या कुणाला पहिल्यांदा सुचली त्याला आपला मुजरा. मी बोलतोय फँटम स्वीट सिगारेटबद्दल. पुण्याच्या हार्निक कंपनीचं हे उत्पादन. पांढरी, खडूसारखी साखरेची कांडी, टोकाला लाली म्हणजे ती ‘पेटलेली’, आणि पाकीट हुबेहूब सिगारेटसारखं. तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी थंडीच्या दिवसांत शाळेबाहेर उभं राहून, ही कांडी दोन बोटांत धरून तोंडातून वाफ काढली असणार. मी काढलीय. थंडी नसली की नुसतीच फुंकर मारायचो.

मागच्या एका लेखात मी लिहिलं होतं की पीएचडीला यायच्या आधी कुठलीही एक क्षुल्लक वस्तू घेऊन तिच्यावर महिनाभर प्रश्न विचारत बसा. काहींनी विचारलं, क्षुल्लक म्हणजे किती क्षुल्लक? तर घ्या, ही एवढी.

आधी वस्तूची थट्टा करून घेऊ, ती तिला सोसेल. कॉमिक्सच्या जगात विचित्र मालाची कमी नाही. 1979 साली अमेरिकेत स्पायडरमॅन आणि हल्कची गोष्ट छापलेला टॉयलेट पेपर निघाला होता. गोष्ट पुढे वाचायची तर पेपर ओढत राहायचं, आणि वाचून झालेल्या भागाचं काय करायचं ते ठरलेलंच. 2003 साली तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयात खटला चालला, की एक्स-मेनच्या मूर्ती म्हणजे ‘बाहुल्या’ की ‘खेळणी’. बाहुलीवर आयात कर 12 टक्के, खेळण्यावर 6.8. बाहुली म्हणजे माणसाची प्रतिकृती, म्हणून कंपनीच्या वकिलांनी सांगितलं की आमचे नायक माणसं नाहीतच. न्यायाधीशांनी ते मान्य केलं. ज्या कॉमिकचा सगळा जीव ‘आम्हीही माणसंच आहोत’ या एका वाक्यात आहे, त्याच्या मालकानं कर वाचवण्यासाठी हे सांगावं! (व्याख्या बदलली की निष्कर्ष कसा बदलतो, हे कोर्सवर्कमध्ये शिकवताना हे उदाहरण कुणी का देत नाही कळत नाही.) इतकं लांब कशाला, राखीपौर्णिमेच्या आठवड्यात महाद्वार रोडला चक्कर मारा. मनगटावर लुकलुकणारा छोटा भीम दिसेल आणि बहिणीच्या रक्षणासाठी त्याच्या पोटात बटणाएवढा सेल.

पण या सगळ्यात वेताळाची सिगारेट वेगळी आहे. बाकीचा माल नायकाशी विसंगत आहे. हा माल नायकाच्या बरोब्बर उलटा आहे.

फँटम हे पात्र ली फॉक यांनी 1936 साली आणलं. आपल्याकडे टाइम्सच्या इंद्रजाल कॉमिक्समधून 1964 पासून 1990 पर्यंत तो आला आणि मराठीत त्याचं ‘वेताळ’ असं फर्मास बारसं झालं. घरात कुणा काकाच्या ट्रंकेत जुने अंक असतील तर काढून बघा. हा गडी बंदरावरच्या गुत्त्यात शिरतो, आजूबाजूला सगळे गुंड दारू ढोसतायत, आणि हा काउंटरवर जाऊन दूध मागतो. कुणी हसला की त्याच्या जबड्यावर कवटीच्या अंगठीचा शिक्का. कोल्हापूरकराला यात नवल ते काय वाटणार? गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून घेऊन उभ्या उभ्या ग्लास संपवणारी माणसं आपण रोज बघतो. शिवाजी पेठेत तर वेताळमाळ नावाची तालीमच आहे. दूध, व्यायाम, लंगोट, कमी बोलणं. वेताळ मनानं आपल्याच पेठेतला पैलवान, फक्त लंगोट चड्डीच्या वर पट्ट्यापट्ट्याचा. आता कल्पना करा, तालमीतल्या पोराच्या बोटांत सिगारेट दिसली तर वस्ताद काय करेल. अंगठीची गरज पडणार नाही.

वेताळाच्या नावानं कवटीची अंगठी विकणं मला समजतं. अंगठी गोष्टीतली आहे, पोरगं ती घालून खांबाला ठोसे मारेल, बोट सुजवून घेईल, विषय संपला. सिगारेट मात्र गोष्टीत नव्हतीच. ती बाहेरून आली आणि तिला नाव पाहिजे होतं. मी तरी त्याचा अर्थ असा लावतो: पोराला सिगारेटच्या आकाराचं आकर्षण आधीपासून होतं, बापानं ‘हे काय आणलंस’ विचारलं तर उत्तर पाहिजे होतं, आणि ‘वेताळाची गोळी आहे’ हे चांगलं उत्तर आहे. वेताळ इथं जामीन राहिलाय.

इथपर्यंत गंमत. आता खरा प्रश्न, जो कुठलाही शहाणा माणूस विचारेल: साखरेची सिगारेट खाल्लेली पोरं पुढं खरी ओढतात का?

यावर अभ्यास झालेत. जोनाथन क्लाइन आणि सहकाऱ्यांचा 2007 सालचा पेपर प्रिव्हेंटिव्ह मेडिसिन या जर्नलमध्ये आहे. इंटरनेटवरच्या सर्वेक्षणातून 25,887 अमेरिकन प्रौढांना विचारलं की लहानपणी कँडी सिगारेट खाल्ली होती का, आणि पुढं सिगारेट ओढलीत का. ओढणाऱ्या आणि ओढून सोडलेल्या, दोन्ही गटांत 88 टक्के लोक ‘हो, खाल्ली होती’ म्हणाले. कधीच न ओढलेल्यांत 78 टक्के. निष्कर्ष: ऑड्स रेशो 1.98, म्हणजे धूम्रपानाचे ऑड्स जवळपास दुप्पट.

पहिल्या वर्षी हा पेपर मी जर्नल क्लबमध्ये मांडला होता. माझा विषय हा नव्हे, मी आपला पातळ थरांची कंडक्टिव्हिटी मोजणारा माणूस, पण दर महिन्याला एक ‘बाहेरचा’ पेपर मांडायची आमच्याकडं पद्धत आहे. स्लाइडवर मी मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘कँडी सिगारेट खाणारी मुलं सिगारेट ओढण्याची शक्यता दुप्पट!’ उद्गारचिन्हासकट. मागं बसलेल्या एका सीनियरनं विचारलं, “88 आणि 78 मध्ये दुप्पट कुठं दिसतंय तुला?” मी पुढची दोन मिनिटं जे बोललो त्याला भाषा म्हणता येणार नाही.

तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून इथं थांबू. कागद घ्या. ऑड्स म्हणजे ‘हो’ भागिले ‘नाही’. ओढणाऱ्यांत 88 भागिले 12, म्हणजे 7.33. न ओढणाऱ्यांत 78 भागिले 22, म्हणजे 3.55. पहिल्याला दुसऱ्यानं भागा, 2.07 येतात. पेपरमधल्या 1.98 च्या अगदी जवळ. आकडा खोटा नाही. पण ऑड्स म्हणजे शक्यता नव्हे. समजा (फक्त समजा) दोन्ही प्रकारचे 100-100 लोक आहेत. कँडी खाल्लेले एकूण 88 अधिक 78, म्हणजे 166. त्यातले ओढणारे 88, म्हणजे 53 टक्के. न खाल्लेले 34, त्यातले ओढणारे 12, म्हणजे 35 टक्के. 53 भागिले 35, दीडपट. माझ्या स्लाइडवरचं ‘दुप्पट’ दीडपट झालं, उद्गारचिन्ह गेलं, आणि जिथं बहुतेक सगळ्यांनीच खाल्लेली आहे अशा वस्तूबद्दल आपण बोलतोय हेही लक्षात आलं. कधीच न ओढलेल्यांतही 78 टक्के! पेपरवाल्यांनी ‘ऑड्स’ असंच लिहिलं होतं. ‘शक्यता’ मी केलं. पेपर वाचताना सगळ्यात जास्त चुका लेखक करत नाही, भाषांतर करणारा करतो.

आता पुढची शंका. माझा मामा. रविवारी तो मला सायकलवर पुढं बसवून कोपऱ्यावरच्या टपरीवर न्यायचा. तिथं त्याच्यासाठी एक खरी आणि माझ्यासाठी एक वेताळाची. दोन्ही एकाच हातानं, एकाच गल्ल्यावरून. समजा मी पुढं ओढायला लागलो असतो, तर दोष कुणाचा? कांडीचा, की कांडी घेऊन देणाऱ्याच्या दुसऱ्या हाताचा? ज्या घरात ओढणारं माणूस आहे त्या घरातलं पोर टपरीवर जास्त जाणार, कँडी जास्त खाणार, आणि पुढं ओढणारही जास्त. कँडीनं काही केलं नाही तरी आकडा दिसणारच. यालाच कन्फाउंडर म्हणतात. मामा हा माझा कन्फाउंडर. (मी ओढत नाही. मावसभाऊ, ज्यानं तीच पाकिटं खाल्ली, तो ओढतो. दोन माणसांवरून काय सिद्ध होतं ते तुम्हीच सांगा.)

इथं बरेच हुशार विद्यार्थी थांबतात. कन्फाउंडर सापडला, पेपर उडवला, चला चहाला. मीही तसाच थांबलो होतो आणि आता त्याची लाज वाटते. कारण शंका काढणं सोपं, ती मोजली गेलीय का बघणं कष्टाचं. क्लाइन यांचाच 1992 चा एक लहान अभ्यास पेडियाट्रिक्समध्ये आहे. तो शाळकरी मुलांवर होता, आणि आई-वडील ओढतात की नाही ते वेगळं काढूनही कँडी आणि सिगारेट चाखण्याचा संबंध उरला होता. 2007 च्या पेपरातही एक गोष्ट मी स्लाइडवर घेतलीच नव्हती: लहानपणी ‘नेहमी’ खाणाऱ्यांचं प्रमाण ओढणाऱ्यांत (आजचे आणि सोडलेले मिळून) 22 टक्के आणि कधीच न ओढलेल्यांत 14. डोस वाढला तसा संबंध वाढला. एवढ्यानं कारण सिद्ध होत नाही, पण ‘नुसता योगायोग’ म्हणणाऱ्यालाही आता काहीतरी बोलावं लागेल.

आणि मला सगळ्यात वजनदार वाटलेला पुरावा तर सर्वेक्षणातला नाहीच. 2000 साली बीएमजेत क्लाइन आणि सेंट क्लेअर यांनी सिगारेट कंपन्यांचीच जुनी अंतर्गत कागदपत्रं उघडून मांडली. तिथल्या कँडीवाल्यांची पाकिटं खऱ्या ब्रँडांसारखी दिसायची, आणि तंबाखू कंपन्यांनी कित्येकदा ते चालवून घेतलं, काही वेळा साथही दिली. जी कंपनी एरवी आपल्या नावाच्या एका अक्षरासाठी कोर्टात जाईल ती इथं गप्प का बसली? मोफत जाहिरात कोण थांबवतं! इथं ऑड्स रेशो नाही, कॉन्फिडन्स इंटरव्हल नाही, तरी माझं मत मुख्यतः यानं बदललं. पुढं अमेरिकेतल्या उत्पादकांनी नाव बदलून ‘कँडी स्टिक्स’ केलं.

आपल्याकडच्या पाकिटावर खरा ब्रँड नव्हता, वेताळ होता. हे बरं की वाईट? मला वाटतं, ब्रँडपुरतं बरं. कांडी खाऊन कुठली सिगारेट घ्यायची ते पोर शिकलं नाही. पण कशी धरायची, राख कशी झटकायची, ओठाच्या कोपऱ्यात ठेवून बोलायचं कसं, हे सगळं मी सहा वर्षांचा असताना शिकलो होतो आणि अजूनही करून दाखवू शकतो.

मात्र या वस्तूवर तुम्ही खरंच कोल्हापुरात अभ्यास करायला निघालात तर मी अडवीन. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले 3.8 टक्के प्रौढ धूम्रपान करणारे होते, आणि धूरविरहित तंबाखू खाणारे 24.4 टक्के. म्हणजे आपल्याकडचा खरा प्रश्न ओढण्याचा नाही, मळण्याचा आणि पुडी फोडण्याचा आहे. मग सिगारेटच्या आकाराच्या साखरेवर हसत कशाला बसायचं? त्याच टपरीवर, त्याच दोरीला, मावा-तंबाखूच्या शेजारी गोड सुपारीच्या चमकत्या पुड्या लटकतायत. दातानं कोपरा फाडायचा, मान वर करून तोंडात रिकामी करायची. तीच तालीम. वेताळ नाही, कार्टून नाही, म्हणून आपल्याला ती विचित्र दिसत नाही एवढंच. तंबाखूविक्रीला शाळेपासून 100 यार्डांची मर्यादा 2003 च्या कायद्यात आहे, पण ती तंबाखूला. गोड सुपारीत तंबाखू नसेल तर ती मर्यादा तिला लागत नाही. अमेरिकन प्रश्नावली उचलून ‘कँडी सिगारेट’च्या जागी ‘फँटम’ लिहिलंत तर पेपर छापून येईलही, पण तो इथला नसेल.

आणि प्रश्नावली बनवाल तेव्हा आठवणीवर किती टेकायचं ते आधी ठरवा. दोन वर्षांपूर्वी मामाला स्टेंट बसला आणि त्याची खरी सुटली. मागच्या दिवाळीत सगळे जमले होते तेव्हा मी वही घेऊन बसलो आणि विचारलं, मी लहान असताना वेताळाची पाकिटं किती खाल्ली? माझ्या हिशोबानं जवळजवळ दर रविवारी, चार-पाच वर्षं. मामा म्हणाला, “एखाददुसऱ्या वेळी आणलं असंल.” आई म्हणाली, माझ्या पोराला असलं काही मी हातात धरूच दिलेलं नाही. आणि बहीण फराळाचं ताट घेऊन जाता जाता म्हणाली, “दर रविवारी दोन पाकिटं यायची. एक माझं असायचं, तेही तूच खायचास.”