‘आपला संघ’ : फुटबॉलच्या पाठीराख्यांच्या भाषेची चिकित्सा

१

‘मालकाने आपला संघ विकला’ या मराठी वाक्याचे दोन अर्थ होतात. ‘आपला’ हे सार्वनामिक विशेषण एकदा कर्त्याकडे वळते, तर एकदा वक्ता व श्रोता या दोघांकडे. पहिल्या अर्थी संघ मालकाचा स्वतःचा आहे आणि स्वतःची वस्तू विकण्यात गैर असे काही नाही. दुसऱ्या अर्थी संघ बोलणाऱ्याचा व ऐकणाऱ्याचा आहे. म्हणजे मालकाने जे विकले ते सर्वस्वी त्याचे नव्हतेच. व्याकरण या दोन अर्थांमध्ये निवाडा करीत नाही. तो संदर्भावरून करावा लागतो.

महाराष्ट्रातील फुटबॉल-संघांची गेल्या काही वर्षांत जी वाताहत झाली आणि तिच्यामुळे पाठीराख्यांच्या मनात जी चीड साठली, तिचे मर्म या एका वाक्यात सापडते. या चिडीचा विचार सामान्यतः दोन प्रकारांनी होतो. एक पक्ष तिला भाबडेपणा ठरवितो : ज्याने पैसा घातला नाही त्याने हक्क कसा सांगावा, असे त्याचे म्हणणे. दुसरा पक्ष तिला निष्ठा म्हणून गौरवितो आणि तेथेच थांबतो. पाठीराखा ‘आपला’ म्हणतो तेव्हा त्याला नेमके काय म्हणावयाचे असते, हा प्रश्न दोन्ही पक्ष टाळतात. तो प्रश्न भाषेचा आहे. परंतु केवळ भाषेचा नाही.

२

संघ कोणाचा, याची पहिली साक्ष त्याचे नाव देते. महाराष्ट्र व गोवा या भागांतील फुटबॉल-संघांची नावे पाहिली असता त्यांचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग कोल्हापूरचा. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ ही तेथील संघांची नावे. त्यांपैकी बहुतेक नावांत पेठेतली एखादी खूण, एखादे दैवत किंवा तालीम आहे. ‘तालीम’ हा शब्द अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ शिक्षण. मराठीत तो कुस्तीच्या आखाड्याला चिकटला आणि कोल्हापुरात त्या आखाड्यातूनच फुटबॉलचा संघ उभा राहिला. अशा नावाचा एक गुण सहसा ध्यानात येत नाही. ते हलविता येत नाही. ‘पाटाकडील’ हे विशेषण ज्या पाटाच्या कडेचे, तो पाट उचलून दुसऱ्या शहरात नेणे शक्य नाही.

दुसरा वर्ग मालकाच्या नावाचा. मुंबईचा महिंद्र युनायटेड, गोव्याचे धेंपो व साळगावकर हे या वर्गातले ठळक संघ. महिंद्राच्या संघाने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली आणि २०१० मध्ये तो संघ कंपनीने बंद केला. मुंबईच्या पाठीराख्यांना त्याचे दुःख झाले. पण फसवणूक झाली असे म्हणण्यास जागा नव्हती. नाव कंपनीचे होते, निर्णयही कंपनीचा. धेंपो व साळगावकर हे संघ २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले, तथापि गोव्यातून हलले नाहीत. ज्या घराण्याचे नाव संघाला होते त्या घराण्याचे घर गोव्यातच होते. मालकाचे नाव लावणाऱ्या संघात सत्ता कोणाकडे आहे हे कोणापासून लपत नाही, एवढा प्रामाणिकपणा त्या नावात असतो.

तिसरा वर्ग शहराच्या नावाचा. तो या प्रदेशात सर्वांत अलीकडचा असून चिडीचे मूळ प्रामुख्याने त्यातच आहे. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हा प्रत्येक संघाच्या नावात एखादे शहर वा प्रदेश आला. एफसी पुणे सिटी हा त्यांपैकी एक. मालकी एका उद्योगसमूहाची व एका चित्रपट-अभिनेत्याची; नाव मात्र शहराचे. ज्या काळात संघाच्या कारभारात शहराचा वाटा सर्वांत कमी झाला, नेमक्या त्याच काळात शहराचे नाव संघाच्या माथ्यावर आले. हा केवळ योगायोग मानता येत नाही. कंपनीच्या नावासाठी कोणी घसा कोरडा करीत नाही. शहराच्या नावासाठी करतात. म्हणजे शहराचे नाव हे पाठीराख्यांना दिलेले आवाहन होते आणि ते ‘आपला’ या शब्दाच्या दुसऱ्या अर्थाला उद्देशून होते. संघ बंद करताना मात्र पहिला अर्थ वापरला गेला.

३

पुण्याचा अनुभव तपशिलाने पाहण्यासारखा आहे. पुणे एफसी हा संघ एका उद्योगसमूहाने २००७ मध्ये काढला. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये तो उपविजेता ठरला आणि २०१५ मध्ये बंद पडला. भारत एफसी हा दुसऱ्या उद्योगसमूहाचा संघ २०१४-१५ चा एकच हंगाम खेळला. शिवाजीयन्स या पुण्यातील जुन्या नावामागे ‘डीएसके’ हा बांधकाम-व्यावसायिकाचा उपसर्ग लागला. तो संघ २०१५-१६ मध्ये आय-लीगमध्ये आला आणि दोन हंगामांनंतर तेथून दिसेनासा झाला. एफसी पुणे सिटी २०१७-१८ मध्ये उपान्त्य फेरीपर्यंत गेला. पुढल्याच वर्षी, २०१९ मध्ये, मालकांच्या आर्थिक अडचणींत तो विसर्जित झाला आणि त्याची लीगमधील जागा हैदराबादच्या नव्या मालकांना मिळाली. एकाच शहरातले, बालेवाडीच्या एकाच मैदानावर खेळणारे चार संघ पाच वर्षांच्या आत नाहीसे झाले. हैदराबादच्या संघाने २०२१-२२ ची इंडियन सुपर लीग जिंकली. पुढे त्याचीही आर्थिक घडी विस्कटली आणि २०२५ मध्ये तो दिल्लीला जाऊन त्याचे नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाले. जागा तीच राहिली. तिच्यावरचे शहर तेवढे बदलत गेले.

या क्रमात पाठीराख्याचे स्थान कोणते? मराठीत त्याच्यासाठी अनेक शब्द आहेत आणि ते समानार्थी नाहीत. ‘प्रेक्षक’ केवळ पाहतो. ‘चाहता’ आवड बाळगतो. हा शब्द नटनट्यांच्या संदर्भात रुळलेला असून त्यात कसलेही उत्तरदायित्व नाही. ‘पाठीराखा’ हा शब्द निराळा आहे. जो पाठ राखतो तो पाठीराखा. बहिणीचा भाऊ हा तिचा पाठीराखा म्हटला जातो. या शब्दात कर्तव्य आहे आणि जेथे कर्तव्य आहे तेथे नात्याचा हक्कही येतो. नव्या व्यवस्थेने प्रेक्षकाकडून पाठीराख्याचे कर्तव्य मागितले आणि त्याला चाहत्याचा दर्जा दिला. पाठीराख्यांच्या तक्रारींतील कडवटपणाचा उगम येथे आहे.

‘मालक’ या शब्दाचीही अशीच तपासणी करावी लागते. परभणी जिल्ह्यातील देवगाव फाट्यासारख्या भागात, जेथे शेती हाच मुख्य व्यवसाय आहे, तेथे सालगडी जमीनधारकाला ‘मालक’ म्हणतो. तोच सालगडी शेताविषयी, बैलांविषयी, कापसाविषयी बोलताना ‘आपले शेत’, ‘आपले बैल’, ‘आपला कापूस’ असेही सहज म्हणतो. त्याचा सातबाऱ्यावर हक्क नाही, हे त्याला ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही. तरी ‘आपला’ हा शब्द खोटा ठरत नाही. कारण त्यामागे त्याचे श्रम असतात आणि पाडव्याला ठरलेले साल असते. ते नाते विषम आहे, त्यात अन्याय पुष्कळ झाला आहे, याविषयी दुमत नाही. परंतु त्या विषम नात्यातही काही बोलणे होते, काही ठराव होतो. फुटबॉलच्या पाठीराख्याशी असा कोणताच ठराव होत नाही. तो तिकीट काढतो, संघाचा सदरा विकत घेतो, प्रवास करतो. संघाचे भवितव्य ठरविताना मात्र त्याला विचारण्याचे बंधन कोणावर नाही.

परभणी जिल्ह्यात व्यावसायिक फुटबॉल-संघ नाही. तेथील एखादा तरुण पडद्यावर पाहून मुंबईचा, केरळचा वा मँचेस्टरचा संघ ‘आपला’ करतो. त्याच्या ‘आपला’मागे पेठ नाही, वर्गणी नाही, मैदानही नाही. म्हणून तो शब्द हसण्यावारी नेणे सोपे आहे. तसे करणे मात्र चुकीचे ठरेल. मराठी पाठीराख्यांपैकी पुष्कळांची स्थिती अशीच आहे आणि शहराच्या नावाने केलेले आवाहन त्यांच्यापर्यंतही पोहोचलेले असते.

४

येथवरच्या विवेचनावरून कोल्हापूरची व्यवस्था निर्दोष आहे असा समज होण्याचा संभव आहे. तो दूर केला पाहिजे. त्यासाठी मराठी सर्वनामांच्या आणखी एका वैशिष्ट्याकडे वळावे लागते. प्रथमपुरुषी अनेकवचनासाठी मराठीत दोन रूपे आहेत. ‘आपण’ श्रोत्याला सामावून घेते, ‘आम्ही’ त्याला वगळते. हा भेद द्राविड भाषांतही आहे. इंग्रजीला तो एका सर्वनामात दाखविता येत नाही.

तालमीचा संघ पेठेतल्या माणसासाठी ‘आपला’ असतो. पण शेजारच्या पेठेशी बोलताना तो तत्काळ ‘आमचा’ होतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ किंवा दिलबहार यांचे सामने होतात तेव्हा हे ‘आम्ही’ किती धारदार होते, हे कोल्हापूरकरांना सांगावयास नको. हुल्लडबाजी, दगडफेक, हाणामारी आणि त्यांपायी सामने व स्पर्धा थांबविण्याची वेळ हे सर्व तेथे घडलेले आहे. एकमेकांना हिणविणाऱ्या घोषणांमध्ये खेळाविषयी फारसे काही नसते. पेठेचा मान आणि दुसऱ्या पेठेचा अपमान एवढाच त्यांचा विषय. शिवाय प्रायोजकांचा पैसा आणि बाहेरून, कधी परदेशातून, आणलेले खेळाडू तेथेही आले आहेत. तेव्हा पेठेची मालकी म्हणजे शुद्ध मालकी असे म्हणता येत नाही.

तथापि एक फरक मूलभूत आहे. कोल्हापुरात पाठीराखा चिडतो तेव्हा ज्याच्यावर चिडावयाचे तो कार्यकर्ता त्याला गल्लीत भेटतो. तक्रारीला पत्ता असतो. पुण्याच्या पाठीराख्याची तक्रार निनावी पोकळीत जाते. अमेरिकेत रॉबर्ट सियाल्डिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले होते की, विद्यापीठाचा संघ जिंकला तर विद्यार्थी ‘आपण’ या अर्थाचे सर्वनाम अधिक वापरतात आणि हरला तर कमी. संकटात सापडलेल्या संघाच्या पाठीराख्याची गोष्ट याहून वेगळी आहे. पराभवानंतरही तो खेळाडूंना ‘आपण’मधून वगळत नाही, तो वगळतो व्यवस्थापनाला. ‘ते’ हे सर्वनाम तो प्रतिस्पर्ध्याऐवजी स्वतःच्याच संघाच्या मालकासाठी राखून ठेवतो. घरातल्या माणसाला ‘ते’ म्हणण्याची वेळ यावी, हे संघ मोडल्याचे लक्षण आहे. कागदोपत्री विसर्जन नंतर होते.

५

पाठीराख्यांची भाषा मालकीवर काही परिणाम करू शकते काय, या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी नाही. १८८९ मध्ये स्थापन झालेल्या कोलकात्याच्या मोहन बागानचा फुटबॉल-संघ २०२० मध्ये ‘एटीके’ या व्यावसायिक संघात विलीन झाला आणि नावामागे ती तीन अक्षरे लागली. पाठीराख्यांनी त्या अक्षरांविरुद्ध दीर्घ काळ मोहीम चालविली. २०२३ मध्ये ती अक्षरे गेली. मात्र त्यांच्या जागी ‘सुपर जायंट’ हे शब्द आले आणि तेही मालकांच्याच पसंतीचे. नावाचा लढा जिंकला गेला, नाव देण्याचा अधिकार मिळाला नाही. या यशाचे मोल आणि त्याची मर्यादा दोन्ही येथे एकत्र दिसतात.

इंग्लंडमध्ये विंबल्डन या संघाला २००२ मध्ये मिल्टन कीन्स येथे जाण्याची परवानगी मिळाली, तेव्हा पाठीराख्यांनी त्याच वर्षी एएफसी विंबल्डन हा स्वतःचा संघ काढला. तळाच्या लीगपासून सुरुवात करून तो २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या प्लाउ लेन परिसरात परतला. जर्मनीत १९९८ पासून, काही अपवाद वगळता, संघाच्या मतांचे बहुमत सदस्यांच्या हाती असावे असा नियम आहे. पुण्यात यांपैकी काही घडले नाही, याचा दोष पाठीराख्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ज्या शब्दामागे शंभर वर्षांची स्मृती असते तो शब्द संस्था उभारू शकतो. पाच वर्षांत चार संघ गमावलेल्या शहराला ती स्मृती साठविण्यास अवधीच मिळाला नाही.

तरीही एक टीका उरते आणि ती पाठीराख्यांच्या भाषेवरच आहे. ‘आपला’ हा शब्द त्यांनी भावना व्यक्त करण्यासाठी वापरला, दावा मांडण्यासाठी नव्हे. नव्या मालकाचे स्वागत करताना त्यांनी संघाच्या घटनेविषयी, सदस्यत्वाविषयी, नाव व शहर बदलण्याच्या अटींविषयी विचारणा केली नाही. ती विचारणा संघ बुडाल्यावर झाली. कोल्हापूरच्या तालमीतला वर्गणीदार जे प्रश्न पहिल्या दिवशी विचारतो, ते शहरी चाहता शेवटच्या दिवशी विचारतो. पुढे महाराष्ट्रातील एखाद्या शहराचे नाव घेऊन नवा संघ निघेल, तेव्हा त्या नावाबद्दल शहराला काय मिळणार आणि ते नाव परत घेण्याचा अधिकार कोणाला राहणार, हे आधी ठरले पाहिजे. ते लेखी ठरेल तेव्हा ‘मालकाने आपला संघ विकला’ या वाक्याला दोन अर्थ उरणार नाहीत.