सुपरमॅनच्या चड्डीची नाडी

आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लूमचा कारखाना लागून आहे. लहानपणी पाहुणे आले की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "हा आवाज कसला?" आम्हाला कळायचंच नाही की कुठल्या आवाजाबद्दल बोलताहेत. भिवंडीत आवाज बंद झाला तर माणूस दचकून उठतो. वीज गेली असेल, नाहीतर गावात काहीतरी झालं असेल.

इंजिनिअरिंग संपवून नोकरीला लागलो आणि ऑफिसात "कुठला तू?" असं विचारलं की "ठाण्याकडचा" असं सांगायला लागलो. खोटं नव्हतं, जिल्हा ठाणेच आहे. त्याच काळात एका सहकाऱ्याच्या घरी आम्ही चौघांनी लॅपटॉपवर फैझा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) हा माहितीपट पाहिला. पडद्यावर सुकडा, दातपडका वाटावा असा शफीक शेख सुपरमॅनच्या वेषात आला, चड्डीची नाडी बाहेर लोंबत होती. सगळे खदखदून हसले. मीही हसलो. मग मागे लूमची खटखट ऐकू आली आणि माझं हसू अर्ध्यावर राहिलं. तो आवाज खोलीत फक्त मला ओळखीचा होता.

त्यानंतर तो माहितीपट मी तीनचारदा पाहिला असेल. दर वेळी प्रश्न एकच: हे विनोदी कशामुळे आहे? आणि उत्तर दर वेळी एकाच ठिकाणी येऊन थांबतं: लोकेशन.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मालेगाव हे नाशिक जिल्ह्यातलं यंत्रमागाचं गाव. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी तिथे २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. खर्च पन्नास हजारांच्या घरात. कलाकार गावातलेच. पुढे त्यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' करायला घेतला आणि फैझा खान यांनी ते करणं चित्रित केलं. शुक्रवारी लूम बंद असतात, कामगारांची सिनेमा पाहायची वेळ तीच. म्हणजे जे आठवडाभर माग चालवतात तेच प्रेक्षक, आणि त्यांच्यातलाच एक सुपरमॅन. शफीक स्वतः लूमवर काम करायचा.

मूळ 'शोले'चं रामगड कर्नाटकात रामनगरच्या खडकांत उभारलं होतं. गब्बरची माणसं तिथे घोड्यांवरून येतात. मालेगावात डाकू सायकलींवरून येतात. हा फक्त पैशांचा प्रश्न आहे असं वाटतं, पण विचार करा, मालेगावात डाकू खरंच आले असते तर कशावरून आले असते? सायकलवरूनच. आमच्या धंद्यात एका मशीनवरचा प्रोग्राम दुसऱ्या मशीनवर चालवायचा असेल तर काय टिकेल आणि काय बदलावं लागेल हे ते दुसरं मशीन ठरवतं. नासिरभाईंनी 'शोले' मालेगाव नावाच्या मशीनवर चालवून दाखवला. विडंबनातला विनोद लिहिण्यातून कमी आणि गावातून जास्त आला.

हे मालेगावातच पहिल्यांदा घडलं असंही नाही. मारिओ मोनिचेल्ली यांचा 'ई सोलिती इन्योती' (१९५८) हा इटालियन विनोदी चित्रपटांतला मानाचा चित्रपट. तोही विडंबनच. ज्यूल्स दासँ यांच्या 'रिफिफी' (१९५५) या फ्रेंच चित्रपटात चोर अत्यंत शिस्तीत दागिन्यांचं दुकान फोडतात. मोनिचेल्लींनी तीच गोष्ट रोमच्या गरीब वस्त्यांत आणली. त्यातले चोर भलतीच भिंत फोडून स्वयंपाकघरात पोचतात आणि तिथली चण्याची पास्ता खात बसतात. त्यातल्या चोरीचा रस्ता, 'व्हिया देल्ले मादोन्ने', रोमच्या नकाशात नाही. चित्रीकरण झालं ते व्हिया देल्ले त्रे कान्नेल्ले या खऱ्या रस्त्यावर. नाव खोटं, पण भिंती, जिने, अंगणं खरी. चोर हरतात ते पोलिसांमुळे नाही, त्यांच्या गावात तसली चोरी जमण्यासारखीच नसते म्हणून. शेवटी त्यांच्यातला एक मजुरांच्या गर्दीत सापडतो आणि चक्क कामावर ढकलला जातो. हसता हसता कळतं की चोरीपेक्षा भयंकर गोष्ट समोर आहे: रोजची मजुरी.

मालेगावात हे उलट्या बाजूने घडतं. शफीक मजुरीतून निघून आकाशात जाऊ पाहतो. त्याचं उडणं म्हणजे हिरव्या कापडासमोर आडवं होणं. कॅमेरा सायकलवर ठेवला की ट्रॉली, बैलगाडीवर चढवला की क्रेन. मध्येच कॅमेरा पाण्यात पडतो आणि काम अडतं. मध्येच सुपरमॅनचं लग्न निघतं. फैझा खान यांनी या अडचणी गमतीचे प्रसंग म्हणून टिपल्या, पण त्यांच्यावर वरून निवेदनाची फोडणी घातली नाही. गाव जसं आडवं येतं तसं येऊ दिलं. माझ्या मते हा त्या माहितीपटाचा सगळ्यात मोठा गुण.

दोषही आहे. या मालेगावात बायका जवळजवळ नाहीतच. नासिर यांच्या सिनेमात गावातल्या मुली काम करत नाहीत, नायिका बाहेरून आणावी लागते, हे माहितीपट सांगतो आणि पुढे जातो. पण यंत्रमागाच्या गावात कांड्या भरणारे हात कुणाचे असतात हे भिवंडीत वाढलेल्या कुणालाही विचारा. त्या घरांच्या उंबऱ्याआड कॅमेरा गेलाच नाही. आत जाऊ दिलं नसेल, हे शक्य आहे. मग तो बंद दरवाजाही लोकेशनचाच भाग होता, त्यासमोर क्षणभर थांबता आलं असतं.

रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' (२०२५) हीच गोष्ट कथापट म्हणून सांगतो. वरुण ग्रोवर यांचं लेखन नेटकं, आदर्श गौरव आणि शशांक अरोरा यांचा अभिनय सुरेख, शेवटी माझेही डोळे भरले. तरी काहीतरी निसटलं. तिथे मैत्रीची आणि स्वप्नाची गोष्ट पुढे आहे आणि गाव मागे पडद्यासारखं टांगलेलं आहे. माहितीपटात गाव विनोद करतं, कथापटात गावात विनोद घडतो. दोन्हींत फरक आहे.

शफीक २०११ साली कॅन्सरने गेला. ज्या सिनेमात तो तंबाखू आणि घाण पसरवणाऱ्या खलनायकाशी लढला, ती तंबाखू आणि ती घाण सेटवर उभारलेली नव्हती.

आता माझ्या गावाबद्दल. मालेगाव आणि भिवंडी एकाच मुंबई-आग्रा रस्त्यावरची गावं, धंदा एक, दोघांची नावं बाहेरच्यांना ठाऊक तीही एकाच प्रकारच्या बातम्यांतून. मालेगाव म्हणजे २००६ आणि २००८ चे स्फोट, भिवंडी म्हणजे १९७० आणि १९८४ च्या दंगली. १९७० च्या दंगलीनंतर भीष्म साहनी भिवंडीत आले. इथला विध्वंस पाहून त्यांना फाळणीच्या वेळचं रावळपिंडी आठवलं आणि त्यातून 'तमस' उभी राहिली. मोठी कादंबरी, वाद नाही. पण तिच्यात भिवंडी नाही. आमच्या गावाने दुसऱ्या गावाची आठवण करून दिली आणि ते बाजूला झालं. आजही ऑनलाइन मागवलेली अर्धी मुंबई आमच्या गोदामांतून जाते. मी लिहितो त्या सॉफ्टवेअरमध्ये भिवंडी एक पिनकोड असते, ४२१३०२.

मालेगावने स्वतःवर आधी स्वतः हसून घेतलं. त्यामुळे निदान तासाभरापुरतं ते बातमीच्या बाहेर आलं. लॅपटॉपसमोर माझं हसू अडलं, कारण मला वाटलं की हे लोक आपल्याला हसताहेत. आता वाटतं, शुक्रवारी मालेगावातल्या थिएटरमध्ये बसलेला कामगार याहून मोठ्याने हसला असेल, आणि ती नाडी कुणी आत खोचावी असं त्याला वाटलं नसेल.

मागच्या महिन्यात टीममध्ये नवा मुलगा आला. त्याने विचारलं, "सर, तुम्ही कुठले?"

"भिवंडी," मी म्हटलं. "लूमच्या मागे घर आहे. ये कधीतरी, आवाज ऐकायला."