टॅक्सी कोणी रद्द केली? : नेव्हिल हीथच्या गोष्टी वाचताना

आज आपण एका खुन्याबद्दल बोलणार आहोत. खरं म्हणजे त्याच्याबद्दल लोकांनी जे सांगितलं, त्याबद्दल. नेव्हिल हीथ, वय वर्षं 29. 1946 च्या जून-जुलैत, जेमतेम दोन आठवड्यांच्या अंतराने, त्याने इंग्लंडमध्ये दोन स्त्रियांचे खून केले. ऑक्टोबरात तो फासावर गेला. त्यानंतर त्याच्यावर कादंबऱ्या बेतल्या गेल्या, टीव्ही मालिका आली, चरित्रं आली. आणि सूर बहुतेक एकच : माणूस देखणा, जिभेवर साखर, बायका भाळायच्या. आमचं म्हणणं असं की, या 'मोहक' शब्दानेच सगळा घोटाळा केलाय.

आधी घटना बघू. 21 जूनला लंडनच्या नॉटिंग हिल भागात, पेम्ब्रिज कोर्ट हॉटेलच्या एका खोलीत मार्जरी गार्डनर मृतावस्थेत सापडली. वय 32, सिनेमात एक्स्ट्रा म्हणून कामं करायची. खोली हीथने स्वतःच्याच आडनावाने घेतलेली, फक्त पुढे 'लेफ्टनंट कर्नल' लावून. त्यामुळे संशयित कोण, हे पोलिसांना लगेच कळलं. त्याचं नाव पेपरात छापून आलं. फोटो मात्र स्कॉटलंड यार्डने पेपरांना दिला नाही, फक्त पोलीस ठाण्यांना पाठवला. कारण कायद्याचं होतं : साक्षीदारांनी चेहरा आधीच पेपरात पाहिला, तर त्यांनी पटवलेल्या ओळखीला कोर्टात किंमत राहत नाही.

तोवर हीथ बोर्नमथला, समुद्रकाठी, टोलार्ड रॉयल हॉटेलात उतरला होता. आता तो 'ग्रुप कॅप्टन रूपर्ट ब्रुक' होता. नाव पहिल्या महायुद्धात वारलेल्या कवीचं! तिथे त्याला डोरीन मार्शल भेटली. 21 वर्षांची, नौदलाच्या महिला दलात काम केलेली, आजारपणातून उठून हवापालटाला आलेली. 3 जुलैच्या रात्री ती त्याच्याबरोबर जेवली आणि मग कधी परतलीच नाही.

आता इथे जरा थांबू या. त्या रात्री हॉटेलात बसलेली डोरीन भाळलेली नव्हती. ती अस्वस्थ होती. तिने हॉटेलातल्या दुसऱ्या एका पाहुण्याला आपल्यासाठी टॅक्सी मागवायला सांगितलं. हीथने ती टॅक्सी रद्द करायला लावली. म्हणाला, मी पायी सोडतो. सगळ्या प्रकरणात आम्हाला हा तपशील सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तिला जायचं होतं, तिने तसं सांगितलंही होतं. पण 'ग्रुप कॅप्टन'चा शब्द तिच्या शब्दापेक्षा वजनदार ठरला. याला मोहिनी म्हणायचं का? आम्ही याला हुद्दा म्हणतो.

आणि हुद्दा तरी कसला! ब्रिटिश हवाई दल, ब्रिटिश लष्कर आणि दक्षिण आफ्रिकेचं हवाई दल, तिन्हींनी या माणसाला हाकललं होतं. पण युद्ध संपून जेमतेम वर्ष झालेलं. अधिकाऱ्याच्या थाटात वावरणाऱ्याकडे कागद कोण मागणार?

अटकेची हकिगतही तेच सांगते. डोरीन बेपत्ता झाल्यावर हीथ 6 जुलैला आपणहून पोलीस ठाण्यात गेला, मदत करतो म्हणून. तिथल्या एका शिपायाने त्याचा फोटो पाहिलेला होता, त्याने ओळखलं. पुढे हीथने हॉटेलातून आपलं जाकीट मागवलं. खिशात डोरीनच्या परतीच्या तिकिटाचा तुकडा निघाला आणि रेल्वे स्टेशनच्या क्लोकरूमची पावती. त्या पावतीवर सोडवलेल्या सुटकेसमध्ये घोडेस्वारीचा चाबूक होता. मार्जरीच्या अंगावरचे वळ त्याच्याशी जुळले. म्हणजे त्याचा रुबाब उतरवला तो एका फोटोने आणि एका पावतीने. ज्यांना चेहरा दाखवला होता, त्यांनी ओळखला. डोरीनला तो कुणी दाखवलाच नव्हता.

आता पुस्तकांकडे वळू. पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या तीन कादंबऱ्यांतला गोर्स हा हीथवर बेतलेला आहे, असं मानतात. पहिली 'द वेस्ट पिअर', 1951 ची. हॅमिल्टन यांनी मर्म बरोबर पकडलंय. गोर्स काही देखणा-बिखणा नाही. कर्नलची विधवा त्याच्या जाळ्यात सापडते ती तिच्या स्वतःच्या बडेजावाच्या हौसेपायी. लेखक समाजाची खोड दाखवतो. पण 1987 मध्ये याच गोर्सवर मालिका आली, तेव्हा तिचं नाव काय? 'द चार्मर'. नायक देखणा नायजेल हेव्हर्स. झालं, खोड गेली आणि मोहिनी उरली. 2013 चं शॉन ओ'कॉनर यांचं चरित्र युद्धोत्तर काळाचा चांगला वेध घेतं, पण नाव पुन्हा 'हँडसम ब्रूट', देखणा पशू!

कुणी म्हणेल, नावात काय आहे? आहे. खुनी 'मोहक' होता म्हटलं की तीन गोष्टी परस्पर निकालात निघतात. मेलेलीच भोळी ठरते. हुद्दा ऐकून मान डोलावणारे सुटतात. आणि फोटो छापायचा की नाही, हा खरा अवघड प्रश्न चर्चेतूनच जातो. पुरावा जपायचा की पुढची बाई वाचवायची? यार्डचा निर्णय मूर्खपणाचा नव्हता, पण त्याची किंमत डोरीनने मोजली.

फाशीआधी हीथने व्हिस्की मागितली आणि ती डबल करा म्हणाला, हा किस्सा सगळीकडे सापडतो. रद्द झालेली टॅक्सी मात्र शोधावी लागते. गुन्ह्याची गोष्ट वाचताना आपण एवढं जरूर तपासावं : लेखकाने रंगवून काय सांगितलं, आणि एका ओळीत काय उरकलं.